कारल्याच्या वेलाचं गाणं : चाल एक, शेवट दोन

भुलाबाईचं गाणं ‘ओरिजिनल’ कुणाचं? हा वाद आमच्या गर्ल्स होस्टेलमध्ये दर वर्षी भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास निघतो आणि मेसची घंटा होईपर्यंत मिटत नाही. अकोल्याकडच्या पोरी म्हणतात, आमचं. जळगावच्या म्हणतात, छे, हे तर आमच्या गुलाबाईचं. पुण्याहून आलेली एखादी म्हणते, अगं, हे भोंडल्याचं गाणं आहे, आम्ही शाळेत म्हणायचो! गंमत म्हणजे सगळ्या जणी एकच गाणं म्हणत असतात. शब्द थोडे इकडेतिकडे, चाल थोडी वरखाली, पण ऐकणाऱ्याला शंका राहत नाही की हे तेच.

ते गाणं म्हणजे कारल्याच्या वेलाचं. या गाण्याचा उगम कुठला आणि त्याची इतकी रूपं का झाली, ते समजून घ्यायचा हा माझा प्रयत्न. इंजिनिअरिंगच्या मुलीने लोकगीतावर लिहावं का, असं कुणाला वाटेल. पण मित्रमैत्रिणींनो, शेवटपर्यंत वाचा. यात लूप आहे, एरर आहे, डेटा आहे आणि पंच कार्डसुद्धा आहेत.

बॉईज होस्टेलसाठी आधी बेसिक्स. आपल्या वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, वाशीम या भागात, भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, उठते. पूर्ण एक महिन्याचा मुक्काम. भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती असतात. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. रुसून गेलेल्या शंकराला पार्वतीने भिल्लिणीचं रूप घेऊन भुलवलं, म्हणून ती भुलाबाई, अशी कथा सांगतात. कोजागिरीला ज्वारीच्या हिरव्या धांड्यांचं मखर करतात. महिनाभर रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात. मग खिरापत. ती झाकलेल्या डब्यात असते. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं नाही तर घरवालीची कॉलर ताठ!

खानदेशात हीच गुलाबाई होते आणि भुलोजीचा गुलोजी होतो. पुण्याकडे भोंडला आणि कोल्हापूरकडे हादगा. तिथे मूर्ती नसते. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्तीचं चित्र काढतात किंवा मांडतात आणि मुली हात धरून त्याभोवती फेर धरतात. हस्ताचा हत्ती, आणि हत्तीच्या पावसाचा सण. देव वेगळा, तिथी वेगळी, मांडणी वेगळी. पण गाणी? बरीचशी तीच. खिरापत ओळखायचा खेळही तोच.

आता महाराष्ट्राच्या बाहेर बघा. सातपुडा ओलांडून निमाड-माळव्यात गेलं की तिथल्या मुली पितृपक्षात भिंतीवर शेणाने आणि फुलांनी सांजा काढतात आणि रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात. यवतमाळ-चंद्रपूरच्या पलीकडे तेलंगणात भाद्रपद अमावस्येपासून बायका फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात. यातलं कोण कुणापासून निघालं हे ठरवायची गरज नाही. पण नकाशा समोर ठेवला तर एवढं दिसतं, की पावसाळा सरता सरता मुलीबायकांनी एकत्र जमून गाण्याचा एक मोठा पट्टा आहे आणि आपलं वऱ्हाड त्याच्या बरोबर मध्ये आहे.

आता गाण्याकडे येऊ. गोष्ट साधी आहे. सुनेला माहेरी जायचं आहे. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी लाव, मग जा. सून बी लावते आणि विचारते, आता जाऊ? सासू म्हणते, आधी कोंब येऊ दे. कोंब येतो. मग वेल चढू दे, मग फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर, मग सगळ्यांना वाढ, मग भांडी घास. हे सगळं झालं की सासू म्हणते, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. सासरा म्हणतो, दिराला विचार. दीर, जाऊ, नणंद असं फिरत फिरत गाडी शेवटी नवऱ्यापाशी येते. आपल्या नो ड्यूज सर्टिफिकेटची आठवण झाली ना? लायब्ररी, वर्कशॉप, होस्टेल, अकाउंट्स, आणि शेवटी परत पहिल्याच खिडकीवर!

रचना पाहिली तर यात एकामागे एक असे दोन लूप आहेत. पहिला वेलाच्या वाढीचा, दुसरा नात्यांचा. प्रत्येक फेरीला चाल तीच, वाक्य तेच, फक्त एक शब्द बदलतो. म्हणजे चाल हे फंक्शन आणि शब्द हे पॅरामीटर. चालही अगदी छोटी आहे. मी माझ्या कीबोर्डवर बसवून पाहिली तर अख्खं गाणं पाच सुरांत मावलं. एक ओळ विचारण्याची, एक ओळ उत्तराची, संपलं. आठ वर्षांच्या मुलीला दोन फेऱ्यांत येतं आणि तिसऱ्या फेरीला ती सगळ्यांसोबत म्हणू लागते.

गाणं टिकायचं एक रहस्य यातच आहे. लांबलचक पोवाडा घ्या, मधली चार कडवी विसरली तर गोष्टच तुटते. इथे एक पायरी विसरली तर काही बिघडत नाही. फुलावरून थेट भाजीवर उडी मारली तरी गाणं चालतं. कुणाला सुचलं तर ती एक पायरी वाढवते, तरीही चालतं. थोडक्यात, हे गाणं एरर टॉलरंट आहे. म्हणूनच त्याची रूपं इतकी. कुणाकडे सहा पायऱ्या, कुणाकडे बारा. कुणाकडे जाऊ नाही, कुणाकडे आतेसासूही आहे. प्रत्येक घर आपापल्या मेंबरलिस्टप्रमाणे गाणं अपडेट करतं!

चाल मात्र का बदलते? मला दोन कारणं सापडली, दोन्ही ऐकून. पहिलं कारण शरीराचं. भोंडल्यात मुली फेर धरून चालत गातात, म्हणून पावलाबरोबर ठेका येतो. चाल जरा डुलत जाते आणि ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला जागा राहते. भुलाबाईला हातात टिपऱ्या असतात. टिपरीचा ठोका कोरडा आणि नेमका, त्यामुळे त्याच सुरांना एकदम धार येते आणि वेग वाढतो. सूर तेच, पण एक चालणारं गाणं आणि एक ठोकणारं गाणं.

दुसरं कारण बोलीचं. पुस्तकी मराठीतला ‘वेल’ वऱ्हाडीत ‘येल’ होतो. अक्षरं तेवढीच राहिली, म्हणून चालीला काही फरक पडत नाही. पण वऱ्हाडीत आज्ञा करताना आपण ‘जा’ऐवजी ‘जाजो’ म्हणतो, ‘कर’ऐवजी ‘करजो’. आमच्या मेसच्या मावशी हे गाणं ‘जाजो’ घालून म्हणतात. पुण्याच्या मैत्रिणीच्या तोंडी जिथे ‘जा’वर एकच लांब सूर आहे, तिथे मावशींच्या तोंडी तो सूर फुटून त्याचे दोन छोटे सूर झाले. एका प्रत्ययाने चालीला वळण दिलं! मला हे ऐकून जाम भारी वाटलं. व्याकरणाच्या पुस्तकात कधी एवढी मजा आली नव्हती.

आता ‘ओरिजिनल’चा प्रश्न. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला आधी राइम्स आठवतात. ‘ट्विंकल ट्विंकल’, ‘बा बा ब्लॅक शीप’ आणि एबीसीडीचं गाणं, तिन्ही एकापाठोपाठ गुणगुणून पाहा. चाल एकच आहे! ती अठराव्या शतकातली फ्रेंच चाल. १७६१ साली फ्रान्समध्ये ती छापली गेली तेव्हा तिला शब्दच नव्हते. पुढे मोझार्टने तिच्यावर पियानोसाठी बारा व्हेरिएशन्स लिहिली. ‘ट्विंकल’ची कविता जेन टेलर या इंग्लिश बाईंची, १८०६ सालची. चाल आणि कविता यांची गाठ नंतर पडली. अंधेरीपासून अचलपूरपर्यंत केजीतली सगळी मुलं जी चाल इंग्रजी म्हणून शिकतात, ती मुळात इंग्रजी नाहीच. मग तिचा मालक कोण? फ्रेंच, इंग्लिश, की आपली केजीची मिस?

लोकसंगीताचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच पडला होता. सेसिल शार्प नावाच्या इंग्लिश संग्राहकाने १९०७ साली लिहिलेल्या पुस्तकात तीन तत्त्वं सांगितली : सातत्य, बदल आणि निवड. गाणं तोंडातोंडी चालत राहतं, हे सातत्य. प्रत्येक गाणारा त्यात थोडं काही बदलतो, हा बदल. आणि समाजाला जे रूप आवडतं तेच पुढे टिकतं, ही निवड. १९५४ साली लोकसंगीताच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लोकसंगीताची व्याख्या केली तीही याच तीन तत्त्वांवर. बायोलॉजीवाल्यांना डार्विन आठवला असेल, आणि तो आठवायलाच हवा.

पुढची गोष्ट कॉम्प्युटर ब्रँचसाठी. बर्ट्रांड ब्रॉन्सन नावाचे अमेरिकेतले इंग्रजीचे प्राध्यापक जुन्या बॅलड गीतांच्या चाली जमवत होते. एकाच गाण्याच्या कितीतरी चाली, त्यांची तुलना करायची कशी? त्यांनी प्रत्येक चालीची माहिती, म्हणजे सूर, ठेका, ओळींची रचना, पंच कार्डांवर भरली आणि मशीनने वर्गवारी केली. याबद्दलचा त्यांचा लेख १९४९ सालचा! आपण अजून ट्रान्झिस्टरचे गुण घोकतो, आणि या माणसाने तेव्हाच लोकगीतांचा डेटाबेस केला होता. अशा अभ्यासातून ‘चालींचं कुटुंब’ ही कल्पना रुजली. या कुटुंबात सख्खी, चुलत, मावस अशी सगळी भावंडं असतात. त्यात खोटं कुणीच नसतं.

आपल्याकडेही मोठं काम झालं आहे. कमलाबाई देशपांडे यांनी १९४८ साली स्त्रीगीतांवर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘अपौरुषेय वाङ्मय’. अपौरुषेय हा शब्द वेदांसाठी वापरतात. जे कुणा पुरुषाने, म्हणजे माणसाने, रचलेलं नाही ते अपौरुषेय. कमलाबाईंनी तो शब्द जात्यावरच्या आणि फेराच्या गाण्यांना लावला. खरंच आहे की, ही गाणी कुणा पुरुषाने रचलेली नाहीत! या एका नावात आमच्या होस्टेलच्या वादाचं अर्धं उत्तर आहे. लेखकच नाही तर मूळ प्रत कुठून येणार?

उरलेलं अर्धं उत्तर गाण्याच्या पोटात आहे. हे गाणं पसरलं कसं? फेरीवाल्याने नाही, तमाशाने नाही, सिनेमानेही नाही. जी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिच्याबरोबर ते गेलं. माहेरची चाल ती सासरी घेऊन गेली आणि तिच्या लेकीने ती सासरच्या गावची म्हणून शिकली. त्या लेकीचं लग्न आणखी वीस कोस लांब झालं. १८६७ साली भुसावळकडून अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली आणि सोयरिकीही लांब होत गेल्या. गाण्याचा रूट म्हणजे सोयरिकीचा रूट. आणि गाण्याचा विषय काय? माहेरी जाणं. वाहतुकीचं साधन आणि आत भरलेला माल एकच!

आता जरा शेतीचा हिशोब. कारल्याचं बी लावल्यापासून पहिला तोडा यायला साधारण दोन महिने लागतात. पाऊस पडल्यावर आषाढात बी लावलं तर कारलं लागतं भाद्रपदात, म्हणजे बरोबर भुलाबाई बसते तेव्हा. दाराशी वेल कारल्यांनी लगडलेला असतो आणि मुली त्याचंच गाणं म्हणत असतात. नव्या सुनेने आषाढात माहेरी जायची रीत होती. श्रावणात पंचमीला भावाने न्यायला यायची वाट असायची. म्हणजे सासू ‘कारलं लागू दे’ म्हणते तेव्हा ती दोन-चार दिवस थांबवत नाही. आषाढ गेला, पंचमी गेली, राखी गेली. गाणं म्हणायला पाच मिनिटं लागतात, पण त्यातल्या सुनेचा अख्खा पावसाळा जातो. भाजी कडू आहे हेही उगाच नाही.

इथवर मला सगळं इंटरेस्टिंग वाटत होतं. मग शेवट आला. कारण या गाण्याला शेवट दोन आहेत.

एका रूपात सगळ्यांना विचारून झाल्यावर नवरा म्हणतो, फणी आणा, वेणी घाला, जाऊ द्या तिला. सून नटून माहेरी जाते. दुसऱ्या रूपात फणीच्या जागी काठी येते आणि ती सुनेच्या पाठीत बसते. चाल तीच. सूर तेच पाच. टिपरीचा ठोकाही तसूभर बदलत नाही.

यूट्यूबवर मी जी रूपं ऐकली त्यांत बहुतेक ठिकाणी वेणी होती. लहान मुलांच्या कार्यक्रमात काठी कोण घालणार? मेसच्या मावशी मात्र काठीचं म्हणतात. त्यांचं सासर दर्यापूर तालुक्यात. मी म्हटलं, मावशी, वेणीचं चांगलं आहे ना, तेच म्हणा. त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, “वेणीवालं शहराचं असंन वं माय. आमच्याइकडं काठीच म्हनत. पोरी हासत अन् म्हनत.”

‘हासत अन् म्हनत.’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ही गाणी म्हणणाऱ्या मुली आठ, दहा, बारा वर्षांच्या असायच्या. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरवलं ते १४. अठरा झालं ते १९७८ च्या दुरुस्तीने. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या हे गाणं म्हणत होत्या तेव्हा फेरातल्या काहींची लग्नं झालेली असायची आणि बाकीच्यांची ठरायच्या बेतात असायची. त्यांच्यासाठी हे नुसतं मजेचं गाणं नव्हतं, पुढच्या सेमिस्टरचा सिलॅबस होता. सासरी काय होऊ शकतं ते हसत हसत, टिपरीच्या तालावर, मैत्रिणींच्या घोळक्यात सांगून ठेवलेलं. मोठ्यांसमोर जे बोलता येत नव्हतं ते गाता येत होतं, कारण गाण्यात सासूला नाव नव्हतं आणि मारणाऱ्या नवऱ्यालाही नव्हतं.

मग काठी काढून टाकायची का? इथे शार्पसाहेबांचं तिसरं तत्त्व लागू होतं : निवड. ही निवड आज आपण करतो आहोत. वेणीचा शेवट म्हणणाऱ्या मुलीही खऱ्याच परंपरेतल्या आहेत, तो शेवट कुणी परवा ऑफिसात बसून जोडलेला नाही. सहा वर्षांच्या भाचीला मी स्वतः वेणीचंच शिकवीन. पण काठीचा शेवट पूर्ण पुसला गेला तर पुढच्या पिढीला वाटेल, सुना विचारायच्या आणि लोक हसत पाठवायचे. तो हिशोब खोटा ठरेल. म्हणायला एक शेवट पुरतो, पण जपून दोन्ही ठेवायला हवेत.

आणि जपणं अशक्य नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून सहकाऱ्यांबरोबर जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट येत गेल्या. एक लाख! भुलाबाईची गाणी त्या मानाने मूठभर. आपल्या कॉलेजात वऱ्हाडातल्या किती गावांची मुलंमुली आहेत? प्रत्येकाच्या घरी आई, आजी, काकू, मोठी आई, कुणी ना कुणी आहे. प्रत्येकाच्या हातात रेकॉर्डर आहे, ज्यावर आपण एरवी लेक्चर बुडवून रील्स बघतो.

म्हणून यंदा कोजागिरीला घरी जाल तेव्हा एक काम करा. आजीला विचारा, रेकॉर्ड केलं तर चालेल का. हो म्हणाली तरच फोन सुरू करा. पूर्ण गाणं घ्या, मध्ये दुरुस्त करू नका, ‘आजी, असं नाही गं’ म्हणू नका. टिपऱ्या नसतील तर टाळी चालेल. कोणत्या पायऱ्या आल्या, शेवट कोणता आला, ते लिहून ठेवा. बॉईज होस्टेलवाल्यांनो, हे तुम्हालाही आहे. आजी फक्त नातीला गाणं सांगते असा काही नियम नाही.

आणि फाइलला नाव देताना फक्त आजीचं आताचं गाव लिहू नका, कारण चाल त्या गावची नसेल. रेकॉर्डिंग बंद करायच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा : आजी, तुझं माहेर कोणतं?